आईची फाईल

डोंबिवलीच्या आमच्या घरी माळ्यावर पत्र्याच्या पेटीत दोन फायली ठेवलेल्या आहेत. एक अण्णांची, एक आईची. अण्णांची फाईल चांगली चार बोटे जाड आहे. २०११ पासूनचे सगळे कागद तिच्यात तारीखवार लावलेले आहेत. मेंदूविकारतज्ज्ञांच्या चिठ्ठ्या, एमआरआयचे अहवाल, गोळ्यांच्या वेळा, व्यायामाचा तक्ता. हे सारे लावले आईने. भोके पाडली तिने, तारखा घातल्या तिने. आईची स्वतःची फाईल मात्र पातळ आहे. तिच्यातला पहिला कागद २०१७ सालचा. त्याआधीची तीन वर्षे त्या फायलीत नाहीत, कारण आई आजारी आहे हे त्या तीन वर्षांत आमच्यापैकी कोणाच्या मनातच आले नव्हते.

अण्णांचा आजार सगळ्यांना दिसला. जपमाळ ओढावी तसा त्यांचा उजवा अंगठा तर्जनीवर आपोआप फिरू लागला, आणि सोसायटीच्या वॉचमनपासून फडके रोडवरच्या वाण्यापर्यंत जो तो विचारू लागला, 'काका, हात का हलतोय?' पंधरा दिवसांत आम्ही तज्ज्ञांकडे पोचलो. कंपवात, म्हणजे पार्किन्सन्स, असे निदान झाले. आईने त्या दिवसापासून पदर खोचला. अण्णांच्या शर्टाची बटणे लावणे, त्यांना घास भरवणे, रात्री कूस बदलून देणे, सगळे तीच करायची.

२०१४ च्या सुमारास आमटीत दोनदा मीठ पडू लागले. कपाटाची किल्ली तांदळाच्या डब्यात सापडली. आम्ही हसलो. आईही हसली. मग एके दिवशी ती ताईकडे ठाण्याला, नौपाड्यात जायला निघाली आणि उलट्या दिशेच्या गाडीत बसून कल्याणला उतरली. चाळीस वर्षे लोकलने फिरलेली बाई कल्याणच्या फलाटावरच्या बाकावर दोन तास बसून होती. शेवटी तिच्या पर्समधल्या डायरीतून नंबर काढून एका भाजीवालीने ताईला फोन केला. ताई मला म्हणाली, 'दादा, हे साधं नाही हं. आईला दाखवायला हवं.' मी म्हणालो, 'अगं, गडबडीत कोणीही चुकीच्या गाडीत बसतं. अण्णांचं करून करून थकली आहे ती.' हे वाक्य मी तीन वर्षांत किती वेळा उच्चारले असेन, देव जाणे.

तरी ताईने हट्टाने तिला एका डॉक्टरांकडे नेले. त्यांनी विचारले, 'आजी, काही पाठ येतं का?' आईने डोळे मिटले आणि रामरक्षा पहिल्यापासून शेवटपर्यंत, एक अक्षर न चुकता म्हटली. डॉक्टर हसून म्हणाले, 'यांची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा चांगली आहे. वयाप्रमाणे थोडं व्हायचंच.' टॉनिक लिहून दिले. आम्ही वडापाव खाऊन घरी आलो. २०१७ मध्ये दुसऱ्या एका तज्ज्ञांनी अल्झायमरचे निदान केले, तेव्हा आई गॅस पेटवायची विसरत नव्हती, बंद करायची विसरत होती.

अण्णा २०१८ मध्ये गेले, आई २०२२ मध्ये. बँकेतून निवृत्त झाल्यावर वेळ होता, आणि मनाला एक टोचणीही होती, म्हणून मी वाचायला लागलो. मी डॉक्टर नाही, संशोधक तर नाहीच. पस्तीस वर्षे खतावण्या तपासल्या एवढेच. पण त्या धंद्यात एक गोष्ट अंगात मुरते. दोन खात्यांची बेरीज एकत्र मांडली, की एका खात्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यात दडून जातो. मेंदूच्या ऱ्हासाच्या आजारांवरचे संशोधन वाचताना मला पदोपदी हीच भीती वाटत राहिली. स्त्रिया आणि पुरुष यांची बेरीज किती दिवस एकाच रकान्यात मांडली गेली!

इतिहासातच पाहा. १८१७ साली लंडनच्या जेम्स पार्किन्सनने कंपवातावर आपला निबंध लिहिला तेव्हा त्याने सहा रोगी वर्णिले. सहाही पुरुष. पुढे १९०१ च्या नोव्हेंबरमध्ये जर्मनीतल्या फ्रँकफर्टच्या इस्पितळात एक ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नाव आउगुस्टं डेटर. नवरा रेल्वेत कारकून, म्हणजे डोंबिवलीकरच म्हणा ना! तिला नाव विचारले की ती 'आउगुस्टं' सांगे, आणि नवऱ्याचे नाव विचारले तरी 'आउगुस्टं'च सांगे. तिला तपासणारा डॉक्टर होता अलॉइस अल्झायमर. १९०६ मध्ये ती वारल्यावर त्याने तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि ज्याला आज आपण त्याच्या नावाने ओळखतो त्या आजाराचे वर्णन केले. (गंमत अशी की ज्या १९०१ साली ती बाई तिकडे दाखल झाली, त्याच साली आपल्या ठाण्याचे मनोरुग्णालय सुरू झाले.) कंपवाताचे पहिले रोगी सगळे पुरुष आणि अल्झायमरची पहिली रोगी स्त्री, हा योगायोगच असेल. पण पुढे जगभर आकडे जमले ते त्याच दिशेने. कंपवात पुरुषांना स्त्रियांच्या साधारण दीडपट होतो. अल्झायमरचे अमेरिकेतले जवळजवळ दोन तृतीयांश रोगी स्त्रिया आहेत. आमच्या घरात अण्णा आणि आई हे आकडेवारीचे अगदी पाठ्यपुस्तकी उदाहरण होते, आणि आम्हाला त्याचा पत्ता नव्हता.

यावर कोणीही म्हणेल, बायका जास्त जगतात, म्हणून त्यांना म्हातारपणाचे आजार जास्त. खरे आहे, आणि हे कारण मोठेही आहे. पण ते पुरत नाही. आपल्या देशातली पाहणी घ्या. साठीपुढच्या चार हजारांवर माणसांच्या तपासणीवर आधारलेले निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनुसार भारतात साठीपुढच्या शंभरांतल्या सातांहून अधिक जणांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. स्त्रियांत हे प्रमाण सुमारे ९ टक्के, पुरुषांत सुमारे ६. आता आपल्याकडे स्त्री-पुरुषांच्या आयुर्मानात फरक आहे तो दोन-तीन वर्षांचा. तेवढ्याने ही तफावत कशी भरून निघेल? यातला एक मोठा वाटा शिक्षणाचा आहे. ज्या पिढीतल्या मुलींना चौथीनंतर शाळेतून काढले, त्या मुली आज सत्तरीत आहेत, आणि लहानपणी न मिळालेली शाळा म्हातारपणी मेंदूला कमी पडते हे आता जगन्मान्य आहे. आमची आई सातवी शिकली होती. तिचे दोन्ही भाऊ पदवीधर.

पण शाळा आणि आयुर्मान हे दोन्ही बाजूला काढले तरी काही शिल्लक उरते. ते शिल्लक आहे खुद्द मेंदूत. तिथेच हा विषय खरा रंगतो.

मेंदूत मज्जापेशींखेरीज आणखी एक जमात राहते. मायक्रोग्लिया तिचे नाव. १९१९ साली स्पेनच्या पिओ देल रिओ ऑर्तेगाने तिची ओळख पटवली. ही मेंदूची सफाई कामगार मंडळी. मेलेल्या पेशी उचलायच्या, शिरलेल्या जंतूंना खायचे, साचलेला कचरा साफ करायचा. कल्याण-डोंबिवलीच्या माणसाला पुढचे समजावून सांगायला वेळ लागणार नाही. कल्याणचे आधारवाडीचे डंपिंग ग्राउंड आठवा. २०२१ मध्ये ते बंद होईपर्यंत तिथे कचऱ्याचा डोंगर साठत गेला, मग त्याला आगी लागत, आणि दिवसचे दिवस धूर आसपासच्या घरांत शिरून धडधाकट माणसे खोकत बसत. मेंदूतही तसेच होते. अमायलॉइड नावाच्या प्रथिनाचा कचरा उचलण्यापलीकडे वाढला की हे कामगार चवताळतात, दाहक रसायने सोडू लागतात आणि शेजारच्या निरोगी मज्जापेशी त्या धुरात होरपळतात. यालाच मेंदूचा दाह म्हणायचे. गळवासारखा हा दाह ठणकत नाही, ताप आणत नाही. तो वर्षानुवर्षे धुमसतो. कॅनडातल्या पॅट्रिक आणि ईडिथ मॅकगीर या नवरा-बायकोने १९८८ मध्ये कंपवाताच्या रोग्यांच्या मेंदूत, ऐन बिघाडाच्या जागी, अशा चवताळलेल्या पेशी दाखवून दिल्या होत्या. म्हणजे अण्णांच्या मेंदूतही तोच धूर आणि आईच्याही.

पुष्कळ वर्षे समज असा, की हे कामगार सगळ्यांच्या मेंदूत एकसारखे. तो आता सुटला आहे. २०१८ मध्ये मिलानच्या संशोधकांनी एक गमतीदार प्रयोग प्रसिद्ध केला. मादी उंदराच्या मेंदूतले मायक्रोग्लिया त्यांनी नर उंदराच्या मेंदूत बसवले. मग मेंदूचा रक्तपुरवठा तोडल्यावर त्या नराच्या मेंदूचे नुकसान कमी झाले. पेशी परक्या घरी गेल्या तरी माहेरचे वळण विसरल्या नाहीत! हे झाले तरुण मादीचे. पण अल्झायमरसारखा आजार असलेल्या वयस्क उंदरांवर डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात काम झाले, ते २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले, आणि तिथे चित्र नेमके उलटे निघाले. माद्यांचे मायक्रोग्लिया जास्त चवताळलेले होते आणि कचरा कमी उचलत होते. ज्या पेशी तारुण्यात चांगल्या राखणदार, त्याच उतारवयात थकतात आणि घरच जाळू लागतात. माणसांच्या मेंदूच्या प्रतिमा पाहणाऱ्यांनाही असेच काहीसे आढळले आहे. अमायलॉइडचा साठा तेवढाच असताना स्त्रियांच्या मेंदूत टाऊ नावाच्या दुसऱ्या घातक प्रथिनाची गुंतवळ जास्त दिसते.

असे का व्हावे? एक संशयित म्हणजे संप्रेरके. इस्ट्रोजेन हे स्त्रीचे संप्रेरक दाहाला लगाम घालते, आणि पाळी जाते तेव्हा तो लगाम थोड्या वर्षांत सुटतो. पुरुषाचे संप्रेरक असे एकाएकी आटत नाही. दुसरा संशयित म्हणजे गुणसूत्रे. स्त्रीला दोन एक्स गुणसूत्रे, पुरुषाला एक. रोगप्रतिकाराची कितीतरी जनुके या एक्सवर बसलेली आहेत, आणि दुसरे एक्स बहुतांशी बंद असले तरी पूर्ण बंद नसते. त्याचा फायदा म्हणजे स्त्रीची प्रतिकारशक्ती जास्त तल्लख, आणि तोटा म्हणजे ती कधी कधी स्वतःवरच उलटते. मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंच्या आवरणाचा दाहक विकार घ्या. तो स्त्रियांना पुरुषांच्या दुप्पट-तिप्पट होतो, पण एकदा झाला की पुरुषांमध्ये झपाट्याने बळावतो. म्हणजे बायकांचेच सगळे वाईट असा हा हिशेब नव्हे. दोन खाती आहेत, आणि दोन्हींचा जमाखर्च निराळा आहे.

मग हे आधी का कळले नाही? उत्तर ऐकून हसावे की रडावे कळत नाही. प्रयोगशाळेतले उंदीर बहुतेक नर होते. अमेरिकेतल्या दोघा संशोधकांनी प्राण्यांवरचे शोधनिबंध मोजून २०११ मध्ये दाखवले, की मेंदूविज्ञानात केवळ नरांवरचे अभ्यास हे केवळ माद्यांवरच्या अभ्यासांच्या साडेपाचपट होते. कारण काय, तर माद्यांची संप्रेरके चार-चार दिवसांनी बदलतात, त्याने आकडे विस्कटतात. पुढे २०१४ मध्ये कोणी तरी हेही मोजले, तर माद्यांचे आकडे नरांपेक्षा जास्त विस्कटलेले निघालेच नाहीत. (नरही लहरी असतात, हे कोणत्याही घरातल्या बाईने फुकट सांगितले असते.) अमेरिकेच्या सरकारी आरोग्य संशोधन संस्थेने २०१६ पासून नियम केला, की अनुदान हवे असेल तर प्राण्यांवरच्या कामातही नर-मादी हा भेद विचारात घ्या. २०१६! आईच्या आमटीत दोनदा मीठ पडू लागल्याला तेव्हा दोन वर्षे झाली होती.

कोणी म्हणेल, उंदरांचे राहू द्या, औषधाचे बोला. औषधाचेच बोलतो. लेकॅनेमॅब नावाचे अमायलॉइड हटवणारे औषध २०२३ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या मोठ्या चाचणीत आजाराची उतरण सरासरी २७ टक्क्यांनी मंदावली, असा डंका जगभर वाजला. पण त्याच चाचणीच्या तपशिलात शिरले की पुरुषांत ही मंदगती ४३ टक्के होती आणि स्त्रियांत १२. खतावण्या तपासणाऱ्या माणसाच्या अंगावर काटा यावा असे हे आकडे आहेत. जाणकार सांगतात की ती चाचणी हा फरक जोखण्यासाठी आखलेली नव्हती, म्हणून या दोन आकड्यांवर घाईने इमले बांधू नयेत. मान्य. पण ज्या आजाराचे बहुसंख्य रोगी स्त्रिया, त्यावरच्या औषधाची चाचणी हा फरक जोखण्यासाठी का आखलेली नसावी, एवढे विचारायची मुभा सामान्य माणसाला असावी की नाही?

अर्थात घाईचे दुसरे टोकही धोक्याचेच. इस्ट्रोजेन मेंदूला चांगले, मग पाळी गेलेल्या बाईला इस्ट्रोजेन द्या, काम झाले! अमेरिकेत असेच वाटत होते. ६५ वर्षांपुढच्या हजारो बायकांवर चाचणी झाली आणि २००३ मध्ये निकाल आला. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन मिळून घेणाऱ्या बायकांत स्मृतिभ्रंशाचा धोका कमी होण्याऐवजी दुप्पट झाला. बहुधा दिवा लागायच्या वेळी तेल घालायचे असते, विझल्यावर नव्हे. तेव्हा माझा लेख वाचून कोणी परस्पर गोळ्या सुरू करू नयेत, ही हात जोडून विनंती.

पण याच धाग्याचे एक टोक आपल्या महाराष्ट्रात येऊन पोचते, आणि त्याबद्दल बोलायला लोक कचरतात. 'पिशवी काढली' हे शब्द आपल्या घराघरांत किती सहज बोलले जातात! २०१९ मध्ये बीड जिल्ह्यातल्या ऊसतोडणी कामगार बायकांची सरकारी समितीतर्फे पाहणी झाली. सुमारे ८२ हजार बायकांपैकी तेरा हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. त्यांतल्या पुष्कळ चाळिशीच्या आतल्या होत्या. त्या वेळी पोटाविषयी बोलले गेले, मुकादमाच्या दंडाविषयी बोलले गेले, पाठदुखीविषयी बोलले गेले. मेंदूविषयी कोणी बोलले नाही. गर्भाशयाबरोबर अंडाशयही काढले, की इस्ट्रोजेन पन्नाशीला हळूहळू जायचे ते पस्तिशीला एका दुपारी जाते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २००७ मध्ये दाखवले, की पाळी जाण्याआधी ज्या बायकांचे अंडाशय काढले गेले, त्यांना पुढे बुद्धीच्या ऱ्हासाचा आणि स्मृतिभ्रंशाचा धोका अधिक होता, आणि शस्त्रक्रियेच्या वेळी वय जितके लहान तितका तो मोठा. बीडच्या त्या बायका २०५० च्या सुमारास सत्तरीत पोचतील. त्यांची फाईल कोण लावणार आहे?

ऊसतोडणीचे फड लांबचे वाटत असतील तर आमच्या डोंबिवलीकडे या. इथे २०१४ मध्ये हिरवा पाऊस पडला होता आणि २०२० मध्ये एमआयडीसीतला रस्ता गुलाबी झाला होता. पर्यटनाला नव्हे, रसायनांमुळे. हवेतले बारीक कण श्वासावाटे जाऊन मेंदूतही दाह पेटवतात, याचे पुरावे मेक्सिको सिटीतल्या कुत्र्यांच्या मेंदूपासून साठत आले आहेत, आणि लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२० पासून हवेचे प्रदूषण स्मृतिभ्रंशाच्या कारणांच्या यादीत घातले आहे. डोंबिवलीच्या हवेने माझ्या आईला आजारी केले असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला माझ्याकडे काही नाही. पण २०११ च्या जनगणनेत साडेबारा लाखांच्या घरात लोकसंख्या गेलेल्या कल्याण-डोंबिवलीत घरोघर जाऊन कोणी पाहिले तर काय दिसेल, हे जाणून घ्यायची इच्छा मला आहे. असे काम आपल्याकडे अशक्य नाही. मुंबईतल्या पारशी कॉलन्यांमध्ये दारोदार फिरून डॉ. भरुचा आणि सहकाऱ्यांनी १४ हजार लोकांची पाहणी केली, कंपवाताचे ४६ रोगी शोधले आणि १९८८ मध्ये ते प्रसिद्ध केले. आजही जगातले संशोधक त्या आकड्यांचा दाखला देतात. फक्त आता करायचे ते दोन रकान्यांत करावे.

दोन रकाने केले की काय हाती लागते, याचे एक ताजे उदाहरण आहे. नागीण हा आजार आपल्याला ठाऊक आहे. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंत दबा धरून बसतो आणि म्हातारपणी फणा काढतो. ब्रिटनमधल्या वेल्समध्ये २०१३ मध्ये नागिणीची लस देताना सरकारने एक रेघ मारली. २ सप्टेंबर १९३३ ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना लस मिळेल, आधी जन्मलेल्यांना नाही. म्हणजे एका आठवड्याच्या अंतराने जन्मलेल्या दोन म्हाताऱ्यांपैकी एकाला लस मिळाली, एकाला नाही, बाकी सारे सारखे. निसर्गानेच मांडून दिलेला प्रयोग! सात वर्षांचा हिशेब २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. लस घेतलेल्यांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण सुमारे एक पंचमांशाने कमी निघाले, आणि हा फायदा पुरुषांपेक्षा स्त्रियांना बराच जास्त झाला. विषाणू, प्रतिकारशक्ती, दाह आणि स्त्रीचा मेंदू यांचे काहीतरी नाते आहे, आणि ते नाते केवळ दुःखाचे नाही. कोणी लसीला रांग लावा असे माझे सांगणे नाही. पण तिथे सगळ्यांची एकच सरासरी काढून थांबले असते, तर ही गोष्ट कायमची झाकली गेली असती.

माझे एक मित्र, ठाण्यातच राहणारे, हे सगळे ऐकून म्हणाले, 'अहो, आता मेंदूतही स्त्री-पुरुष आणलंत? आजार तो आजार.' मला त्यांचा राग आला नाही, कारण मीही तसाच होतो. पण आजार तो आजार, असे मानल्यामुळेच आईचा आजार दिसला नाही. डॉक्टरांनी तिला पाठांतर विचारले. नंतर वाचनात आले, की शब्दांच्या स्मृतीत स्त्रिया मुळातच पुरुषांपेक्षा सरस असतात, आणि आजार आत शिरल्यावरही काही वर्षे ही पुंजी त्यांना सावरून धरते. परीक्षेत त्या पास होत राहतात, मग एकदम नापास होतात. तोपर्यंत आत पुष्कळ जळून गेलेले असते. त्यातून ज्या रामरक्षेवर आम्ही भरवसा ठेवला, ती तर तिने सात वर्षांची असताना पाठ केली होती. जुने शेवटी जाते. काल दुपारी काय जेवलीस, हे तिला कोणी विचारलेच नाही. आणि पुरुषांचेही यात नुकसानच आहे. स्त्रियांचे मेंदू कंपवातापासून थोडे तरी वाचतात ते कशामुळे, हे जर नीट शोधले गेले, तर त्याचा पहिला लाभ अण्णांसारख्यांना होईल.

मला आणखी एक गोष्ट दवाखान्यांच्या बाकांवर बसून बसून कळली. नवरा रोगी असला की बायको सगळे सांगते. गोळी कितीला दिली, झोप किती लागली, पहिल्यांदा कधी अडखळले, सगळे तोंडपाठ. बायको रोगी असली की नवरा सुनेकडे बघतो. डॉक्टरांनी आईविषयी विचारले तेव्हा अण्णांना बोलणेही जड जात होते, आणि मी, ज्याने तिच्या हातचे पन्नास वर्षे खाल्ले, तो घडाघडा अण्णांच्या गोळ्यांच्या वेळा सांगू शकलो असतो. आईची पाळी कोणत्या वर्षी गेली, हे विचारल्यावर मी गप्प बसलो. ताईने सांगितले, '४४ व्या वर्षी.' डॉक्टरांनी ते लिहून घेतले. तो प्रश्न आधीच्या डॉक्टरांनी विचारला नव्हता, पण त्यांनी विचारला असता तरी मी काय सांगणार होतो?

ताईने आता साठी ओलांडली आहे. गेल्या महिन्यात ती स्वतःहून स्मृतीच्या तपासणीला गेली, काही त्रास नसताना. पुढे तुलना करायला आजचा आकडा हाताशी असावा म्हणून. सोबत मला नेले. घड्याळाचे चित्र तिने बरोबर काढले, शब्दही बहुतेक आठवले. मग तिथल्या मुलीने मला बाजूला बसवून ताईविषयी वीस-बावीस प्रश्न विचारले. मला निम्म्यांची उत्तरे देता आली. उरलेली मी वहीत लिहून घेतली आणि घरी येताना गाडीत ताईला एकेक करून विचारली. दुसऱ्या दिवशी फडके रोडवरून नवी फाईल आणली, कागदांना भोके पाडली आणि पहिल्या पानावर तारीख घातली.